गुरुलिंग मिस्त्रीचं नख

निखत सिस्टरनं उमरग्याच्या त्या खासगी दवाखान्यात आगाऊ पेशंट काही कमी पाहिले नव्हते, पण गुरुलिंग मिस्त्रीनं सगळ्यांवर कडी केली. मुरुम गावात त्याचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज. मणका सरकून नस दाबली गेली, डावा पाय बधिर झाला आणि तीन महिने गॅरेजला कुलूप लागलं. आता ऑपरेशन. पाठ सगळी उघडायची नाही. लहानसे छेद घ्यायचे, त्यातून नळी आणि नळीतून लांब दांड्याच्या पेचकसानं मणक्यात स्क्रू. नळीच्या तळाशी काय चाललंय ते डोळ्यांना धड दिसत नाही. सगळी भिस्त हत्यारावर.

भूल देण्याआधी टेबलावर सरकवताना या गड्यानं शेजारच्या निर्जंतुक ट्रेमध्ये हात घातला, पेचकस उचलला आणि टोकावर अंगठ्याचं नख फिरवलं. हत्यार हाती आलं की आधी नख, मग काम, ही त्याची तीस वर्षांची खोड.

"मामा, ठेवा ते. हात तोडून ठेवीन," निखत कडाडली.

"याचे कोपरे गेलेत सिस्टर. लई घसरणार हा."

"घसरलीय तुमची अक्कल."

अख्खा ट्रे बाटला. पुन्हा धुवा, पुन्हा वाफेच्या यंत्रात घाला, दीड तास बोंबला. सोलापूरहून आलेल्या डॉक्टर अमरनाथांना त्याच दिवशी आणखी दोन मणके कसायचे होते. हात जणू निखतनंच घातला, अशा नजरेनं ते तिच्याकडे बघून चहाला गेले.

नळाखाली पेचकस घासताना ती मिस्त्रीच्या नावानं खडे फोडत होती. मग तिनं हातमोजा काढला आणि उगाच आपलं नख फिरवून पाहिलं. नख कुठंच अडेना. पेटीतला एक स्क्रू टोकाला अडकवला, तर तो खुळखुळला. हत्यारं पुरवणाऱ्या कंपनीची ही पेटी काल तिनंच तपासून घेतली होती, खाली सही ठोकली होती. तपासली कसली, हत्यारं नुसती मोजली होती.

गप्प बसली असती तर कुणाला काही कळलं नसतं. पेचकस घसरून नस दुखावली असती, तर पेशंटचं नशीब म्हणून सगळे मोकळे झाले असते. हा विचार आपल्या मनात आला याचीच तिला लाज वाटली, आणि ती तशीच डॉक्टरांपुढे जाऊन उभी राहिली.

"सर, पेचकस झिजलाय. सही माझी आहे, चूकही माझीच."

"झिजलाय असं कोण म्हणतं?"

"पेशंट."

डॉक्टरांना चहाचा ठसका लागला. "म्हणजे आता पेशंट आपल्याला हत्यारं शिकवणार?"

"तुम्ही नख फिरवून बघा, सर."

त्यांनी फिरवलं. पुन्हा फिरवलं. मग कंपनीच्या मुजीबला फोन लावला आणि गॅरेजातसुद्धा कुणी हासडत नाही अशी शिवी हासडली.

दुपारी सोलापूरहून नवा पेचकस आला. वाफेत घालण्याआधी निखतनं त्यावर नख फिरवलं, डॉक्टरांनीही फिरवलं. चारही स्क्रू नीट बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुलिंगला उभं करायचं होतं. निखतनं त्याला सगळं सांगून टाकलं, स्वतःच्या सहीसकट. मग त्यानं उजवा हात पुढं केला.

"तोडणार होता न्हवं? घ्या."

निखतला हसू आलं आणि रडूही. तिनं तो हात घट्ट धरला. तीनदा घासूनही नखातलं काळं ऑईल तसंच होतं.

"उठा मामा."

तो उठला. डावं पाऊल भीत भीत फरशीवर टेकवलं.

"गार लागतीय की फरशी," तो म्हणाला.