प्राचीचं बीपी

प्राची सुरतेहून बाळंतपणासाठी माहेरी आली, त्या दिवशी मयुरीची खोली गेली.

तसं कुणी तिला बाहेर काढलं नव्हतं. सोनगीरच्या त्या घरात खोल्या तीन आणि कूलर एक, आणि तो मयुरी-राजदीपच्या खोलीत. एप्रिल संपत आला होता, दुपारी पत्रे करकरायचे. राजदीपनेच जेवताना सांगितलं, की प्राचीला सातवा चालू आहे, तिला उकाडा सोसायचा नाही, आपली खोली देऊन टाकू. सासूने, लिलाबाईने, लगेच मान डोलावली. मयुरीला आठवा लागला होता. ते त्या वेळी कुणाच्या ध्यानात आलं नाही आणि तिनेही आठवण करून दिली नाही. उशी उचलून ती पुढच्या खोलीत आली.

प्राची राजदीपची एकुलती बहीण, त्याच्याहून चार वर्षांनी लहान. स्वभावाने मोकळी. येताना तिने वहिनीसाठी सुरतेची साडी आणली होती, पोटाला हात लावून “हा तुझा मोठा की माझा मोठा?” म्हणून हसली होती. तिच्यावर रागावण्यासारखं काही नव्हतं, आणि मयुरीला नेमका त्याचाच त्रास व्हायचा. मयुरीचं माहेर धरणगावचं. आई गेल्यापासून ते घर भावजयीचं झालं होतं. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत, पण भावजयीने फोनवर दोनदा विषय बदलला तेव्हा मयुरी समजली. ती सासरीच राहिली. गावातल्या शाळेत शिकवायची, तिथून रजा घेतली आणि घरात बसली. आणि आता त्याच घरात दुसरी एक पोटुशी होती, जिची आई तिच्या उशाशी बसत होती.

लिलाबाई प्राचीच्या केसांना तेल लावायची, तेव्हा मयुरी मुद्दाम मागच्या अंगणात कपडे धुवायला जायची.

दोघींची तपासणी धुळ्याला एकाच डॉक्टरीणबाईंकडे होती. मे महिन्याच्या सुरुवातीला दोघी लिलाबाईबरोबर बसने गेल्या. प्राचीचे पाय सुजले होते, चपलेचा पट्टा रुतायचा. सगळ्या बाया सांगत होत्या, की पोटात पोर असलं की पाय सुजायचेच. पण बोटातली अंगठीसुद्धा साबण लावून काढावी लागली होती आणि सकाळी उठल्यावर तिचा चेहरा फुगलेला दिसायचा. डॉक्टरीणबाईंनी बीपी घेतलं, मग थोडा वेळ बसवून पुन्हा घेतलं आणि लघवी तपासायला पाठवली. लघवीत प्रथिनं निघाली. बाईंनी तिघींना समोर बसवून समजावलं. याला प्रीएक्लॅम्पसिया म्हणतात, त्या म्हणाल्या. गरोदरपणात काही जणींना होतो. प्राचीने काही चुकीचं खाल्लं किंवा केलं म्हणून झालेला नाही. यात बीपी वाढतं, बाळाला रक्त कमी पोचतं, आणि फार वाढलं तर आईला आकडी येऊ शकते. गोळ्या लिहून दिल्या. मग एकेक बोट दुमडत सांगितलं, की डोकं न थांबता दुखलं, डोळ्यांसमोर चमकायला लागलं, अंधारी आली, बरगडीखाली दुखलं, तर वाट बघायची नाही. तसंच निघून यायचं.

प्राची रडायला लागली. लिलाबाईने तिला कुशीत घेतलं. मग बाईंनी मयुरीला टेबलावर झोपवलं, बीपी घेतलं, बाळाचे ठोके ऐकले आणि म्हणाल्या, “तुमचं सगळं छान आहे. काही काळजी नाही.”

त्या “छान”वर मयुरीचं काम संपलं. परतीच्या बसमध्ये प्राचीला खिडकी मिळाली. लिलाबाई तिच्या शेजारी बसली. मयुरी दोन बाकं मागे, एका म्हाताऱ्याच्या पिशवीला पाय लावून.

त्या दिवसापासून घर प्राचीच्या बीपीवर चालू लागलं. मीठ अजिबात बंद करू नका असं बाईंनी सांगितलं होतं, तरी लिलाबाईने सगळ्यांच्याच भाजीतलं मीठ कमी केलं. मयुरीला त्या दिवसांत झणझणीत, खारट खावंसं वाटायचं. ठेच्याच्या नुसत्या वासाने तोंडाला पाणी सुटायचं. एकदा तिने स्वतःपुरता मिरच्यांचा ठेचा केला, तर लिलाबाई स्वयंपाकघरात येऊन हळूच म्हणाली, की प्राचीपर्यंत वास गेला तर तिलाही खावासा वाटेल. मयुरीने वाटी झाकून ठेवली. रात्री जेवताना तिने ती उघडली नाही.

सासरे झिपरूनाना एसटीतून निवृत्त झालेले. ते रोज सकाळी गावातल्या दवाखान्यातल्या नर्सबाईला बीपी मोजायला घरी बोलावून आणायचे. राजदीप धुळ्याच्या शोरूममधून घरी आला, की बूट काढायच्या आधी विचारायचा, “प्राची कशी आहे?” मयुरीने एकदा त्याला म्हटलं, की माझी कंबर फार दुखते. तो म्हणाला, नवव्यात दुखतेच, आणि खरोखर प्रेमाने तिच्या पाठीवर हात फिरवून पाणी प्यायला गेला. ती सासूजवळही बोलून बघायची. लिलाबाई अहिराणीतच बोलायची. तुझं सगळं चांगलं आहे, तुझी कसली काळजी, हेच तिचं उत्तर असायचं: “तुनं बठ्ठं बेस शे माय. तुनी कसानी फिकर?”

पुढच्या तपासणीला बीपीचा पट्टा दंडाला आवळला जात असताना मयुरीच्या मनात आलं, की आपलंही थोडं वाढलेलं निघावं. फार नाही, थोडंच. म्हणजे कुणीतरी घाबरून आपल्याकडे बघेल. पट्टा सैल झाला. बाई म्हणाल्या, “छान.” मयुरीला स्वतःचीच लाज वाटली आणि तरी आत कुठेतरी निराशाही झाली. बाहेर बाकावर येऊन तिने पोटावर हात ठेवला आणि बाळाने लाथ मारली, तेव्हा तिला वाटलं, याने ते ऐकलं असेल.

तिची ओटी भरायची राहिली होती. सातव्या महिन्यात करायची, ती राहून गेली आणि प्राचीच्या येण्यामुळे आणखी लांबली. मग प्राचीनेच आईच्या मागे लागून दिवस ठरवला. माझं बीपी राहू दे, वहिनीचं कौतुक झालंच पाहिजे, असं ती सगळ्यांना सांगत सुटली. मयुरीला हेही खटकलं. आपलं कौतुकसुद्धा हिच्या शब्दावरून व्हावं?

ओटीच्या दिवशी सकाळपासून प्राचीचं डोकं दुखत होतं. गोळी घेऊन ती आत पडून राहिली. ऊन लागलं असेल, असं ठरलं. अकराच्या सुमाराला गल्लीतल्या बाया जमायला लागल्या. शेजारच्या बेबाबाईने पाट मांडला, फुलांच्या वेण्या आणल्या. धरणगावहून भावजय आली नव्हती, पण भावाने साडी पाठवली होती. मयुरीने ती नेसली आणि कपाटातल्या हिरव्या बांगड्या घ्यायला आत गेली. कपाट तिच्या जुन्या खोलीत होतं.

वीज गेली होती. कूलर बंद, पडदा ओढलेला. प्राची एका कुशीवर, मनगट डोळ्यांवर ठेवून पडली होती. मयुरीचा आवाज ऐकून ती म्हणाली, “वहिनी, ती ट्यूब बंद कर ना. किती लखलखतेय.”

मयुरीने वर पाहिलं. ट्यूब बंदच होती.

“काही दुखतंय का अजून?”

“इथे,” प्राचीने बरगडीखाली हात नेला. “पण तू कुणाला सांगू नको. तुझा कार्यक्रम होऊ दे. मग बघू.”

मयुरी बांगड्या हातात घेऊन उभी राहिली. डॉक्टरीणबाईंनी दुमडलेली बोटं तिला जशीच्या तशी आठवली. आणि त्याच क्षणी दुसराही विचार आला. आजच? हिला आजच व्हायचं होतं? एक दिवस माझा, तोही हिलाच हवा? ओटी भरायला असा काय वेळ लागतो. आणि हीच तर म्हणतेय, मग बघू.

ती बाहेर आली आणि पाटावर बसली.

बायकांनी तिला कुंकू लावलं. बेबाबाईने गहू आणि नारळ ओटीत घातला. कुणीतरी वेणी माळली, कुणी फोटो काढला. सगळ्या तिच्याकडेच बघत होत्या. मग लिलाबाई पुढे आली, तिने दोन्ही हातांत मयुरीचा चेहरा धरला, डोळे भरून तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “माय नही तुले, तर मी शे ना. मनी लेकच शे तू.”

किती दिवस मयुरीला हे ऐकायचं होतं. ते ऐकलं, आणि तिला पुढे बसवेना.

“आई,” ती म्हणाली, “प्राचीच्या डोळ्यांसमोर चमकतंय. बरगडीतही दुखतंय. तिला न्यायला पाहिजे.”

लिलाबाईचे हात तिच्या चेहऱ्यावरून सुटले.

पुढचं सगळं धावपळीत झालं. १०८ची गाडी दुसरीकडे गेलेली. शेजारच्या अभिमनने आपली व्हॅन काढली. मयुरीला कुणी चल म्हणालं नाही, पण ती ओटी सोडून तशीच व्हॅनमध्ये चढली आणि प्राचीचं डोकं तिने मांडीवर घेतलं. मांडी उरली नव्हती, सगळं पोटच होतं. महामार्गावर नगावच्या पुढे प्राचीचे डोळे फिरले. अंग ताठ झालं, मग हातपाय झटकायला लागले. लिलाबाई ओरडून तिच्या तोंडात चमचा घालायला निघाली. मयुरीने तिचा हात धरला, नानांच्या मदतीने प्राचीला कुशीवर वळवलं आणि राजदीपला फोन करून सांगितलं, की दवाखान्याच्या दारात स्ट्रेचर घेऊन उभा राहा.

दवाखान्यात आकडी थांबवायचं इंजेक्शन दिलं, बीपी खाली आणलं आणि मग ऑपरेशन केलं. मुलगी झाली. जेमतेम दीड किलोची, हाताच्या पंजाएवढी. तिला लगेच काचेच्या पेटीत ठेवलं. प्राची दुसऱ्या दिवशी शुद्धीवर आली, तोवर तिचा नवरा सुरतेहून पोचला होता. ऑपरेशन संपवून बाहेर आल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणखी उशीर झाला असता तर दोघींपैकी कुणाचंच सांगता आलं नसतं. मयुरी भिंतीला टेकून ऐकत होती. पाटावर बसून घालवलेला तो वेळ तिला एकटीलाच माहीत होता.

लिलाबाईचं लक्ष तिच्याकडे गेलं ते त्या रात्री, बऱ्याच वेळाने. नवी साडी चुरगळलेली, केसांतली वेणी लोंबत होती. “तू कसाले उनी वं गाडीमा? तुले काही व्हई जातं तर?” गाडीत कशाला आलीस म्हणून ती रागावली. मग राजदीपला म्हणाली, की आधी हिला घरी ने आणि जेवायला घाल. मयुरी रिक्षात बसली. प्राची वाचली म्हणून बरं वाटत होतं, ते खोटं नव्हतं. पण नवऱ्याच्या शेजारी बसून तिला हेही वाटत होतं, की आपली ओटी अर्धीच राहिली, आणि आता ती पुन्हा कुणी भरणार नाही. ती कुणी भरलीही नाही.

जूनमध्ये मयुरी बाळंत झाली. कळा आल्या, राजदीपने दवाखान्यात नेलं, आणि सूर्य उगवायच्या आत मुलगा झाला. तीन किलोच्या वर, रडणं वॉर्डभर ऐकू जाणारं. नर्स म्हणाली, अशा बाळंतिणी असल्या तर आमचं काम किती सोपं होईल. प्राचीची मुलगी त्याच दवाखान्यात, अजून पेटीत होती. प्राची रोज तिथे बसून दूध काढून द्यायची. ते थेंबाथेंबाने नळीतून बाळाला जायचं.

संध्याकाळी प्राची वॉर्डच्या दारात आली. आत आलीच नाही. मयुरी बाळाला पाजत होती. बाळ गटागटा पीत होतं आणि प्राची ते बघत होती. मयुरीने तिचा चेहरा पाहिला आणि ती नजर तिला चटकन ओळखू आली. कपडे धुवायच्या निमित्ताने अंगणात जाताना तीच नजर तिच्या स्वतःच्या डोळ्यांत असायची.

“ये ना,” मयुरी म्हणाली. “घे याला.”

“नको.”

“अगं घे.”

प्राची दाराला धरूनच उभी राहिली. “मला तुझ्याकडे बघवत नाही, वहिनी. वाईट वाटून घेऊ नकोस. माझी तिथे नळ्यांमध्ये पडलीय, आणि तुझं सगळं कसं...” ती थांबली.

“छान,” मयुरी म्हणाली.

प्राचीने मान हलवली.

मयुरीने बाळाला खांद्यावर घेतलं. “मलाही बघवत नव्हतं तुझ्याकडे,” ती म्हणाली. “तू आलीस त्या दिवसापासून. आई तुझ्या डोक्याला तेल लावायच्या ते बघवत नव्हतं. माझं बीपी वाढावं असं वाटायचं मला. आणि ओटीच्या दिवशी तू मला ट्यूब बंद कर म्हणालीस ना, तेव्हा मी आधी जाऊन पाटावर बसले. लगेच नाही सांगितलं.”

वॉर्डात दुसऱ्या कुणाची तरी सासू डबा उघडत होती.

“मीच म्हटलं होतं ना, सांगू नको,” प्राची म्हणाली.

“तू आजारी होतीस. मी नव्हते.”

प्राची आत आली आणि खाटेच्या कडेवर बसली. बाळाला तिने घेतलं नाही, पण त्याच्या तळव्याला एक बोट लावलं. “राग आलाय मला,” ती म्हणाली. “पण आत्ता रागावायला जीव नाही गं. नंतर रागावेन.” ती तिथेच बसून राहिली आणि थोड्या वेळाने, तिच्या मुलीने आज पहिल्यांदा डोळे उघडून पाहिलं, ते सांगू लागली.

मुलगी जुलैमध्ये घरी आली. प्राचीचं बीपी उतरायला आणखी काही आठवडे लागले. पुढच्या वेळी पहिल्या महिन्यापासून सांगून ठेवायचं आणि एरवीही बीपी बघत राहायचं, असं बाईंनी बजावलं. प्राची खरोखर रागावली, पण ते एका क्षुल्लक गोष्टीवरून, दुपट्यांच्या अदलाबदलीवरून. दोन दिवस ती मयुरीशी बोलली नाही. मग बोलायला लागली.

गल्लीतल्या बाया बाळं बघायला यायच्या तेव्हा आधी त्या लहानग्या मुलीकडे जायच्या. किती एवढीशी, किती सोसलं पोरीने, म्हणायच्या. मयुरीला ते अजूनही टोचायचं. तिच्या मुलाला कुणी उचलून “काय वजन आहे” म्हटलं की प्राचीचा चेहरा उतरायचा. लिलाबाई सकाळी दोन्ही बाळांना अंगणात कोवळ्या उन्हात चटईवर निजवायची, हातावर तेल घ्यायची, आणि आधी कुणाला उचलते याकडे दोघी जणी दोन दारांत उभ्या राहून बघायच्या. एका सकाळी असं बघताना त्यांची नजरानजर झाली. प्राचीला हसू आलं. मयुरीने ओठ दाबून धरले, पण तिलाही आवरलं नाही, आणि लिलाबाई तेलाचे हात तसेच धरून विचारत राहिली, की काय झालं, का हसताय.