पहिला घास

सावन्नाखेतमधल्या नदीकाठच्या त्या खाणावळीत दुपारी जागा मिळायला नशीब लागतं. बुनलर्त शहाणा माणूस, त्याने सकाळीच येऊन मचाणावरची एक चटई धरून ठेवली होती. खामफुईला मात्र वाटत होतं, जागा मिळालीच नसती तर फार बरं झालं असतं.

बुनलर्त आणि त्याची बायको विलायफोन आपल्या मुलासाठी खामफुईच्या मुलीला, मालिवनला, मागणी घालायला आले होते. मुलगा चांगला, माणसं चांगली. अडचण होती ती खामफुईच्या उजव्या हाताची. गेल्या वर्षी अर्धांगवायूचा झटका आला आणि ती बोटं वळेनाशी झाली. डाव्या हाताने चिकट भाताचा गोळा धड होत नाही, निम्मा भात खालीच पडतो. म्हणून घरी तो दार लावून एकटाच जेवायचा. वर्षभर त्याने कुणाकडे जेवायचं आमंत्रण घेतलं नव्हतं. इथे येतानाही मालिवनला बजावलं होतं, हाताबद्दल अवाक्षर काढायचं नाही. उजवा हात त्याने मांडीवरच्या पंच्याखाली दडवला होता.

भाजलेला मासा आला, कच्च्या पपईची तिखट कोशिंबीर आली, पुदिना घातलेला खिमा आला, वाफाळत्या भाताची टोपली आली. विलायफोनने झाकण काढलं आणि टोपली खामफुईपुढे सरकवली.

"घ्या दादा, तुम्ही मोठे."

आता थोरल्याने हात घातल्याशिवाय कोण जेवणार? सगळे थांबले. खामफुई पावसापाण्याचं बोलू लागला. मग नदीला पाणी किती चढलं ते. मग होड्यांच्या लाकडाबद्दल, कारण जन्मभर त्याने होड्याच बांधल्या होत्या. मासा निवत चालला. शेजारच्या चटईवरची माणसं जेवून उठली. बुनलर्तचा चेहरा उतरत गेला, आणि मालिवन तर रडवेलीच झाली.

शेवटी विलायफोनच बोलली. "दादा, आमचा मुलगा पसंत नसेल तर तसं सांगा. आम्ही राग धरणार नाही. पण असं ताटावर बसवून ठेवू नका."

हे तर खामफुईच्या डोक्यातच आलं नव्हतं! अब्रू झाकता झाकता त्याने पोरीचं लग्नच मोडायला घेतलं होतं. त्याने पंचा बाजूला केला आणि तो हात सगळ्यांसमोर चटईवर ठेवला.

"मुलगा लाखात एक आहे," तो म्हणाला. "हा हात चालत नाही. भात सांडेल, तुम्ही बघाल, याची लाज वाटत होती."

बुनलर्तने एवढा मोठा श्वास सोडला की मालिवनला हसूच आलं. "एवढंच ना?" तो म्हणाला. "माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं हो!"

विलायफोन हसली नाही. तिने विचारलं, "दादा, तुमचं वय काय?"

"अठ्ठावन्न."

"मग मी थोरली. मला साठ झाली."

"मी सत्तावन्नचा, आणि तू तर माझ्याहून दोन वर्षांनी लहान आहेस," बुनलर्त चकित होऊन म्हणाला.

"लग्नात आईने माझं वय कमी सांगितलं होतं," म्हणत तिने शांतपणे टोपलीत हात घातला, गोळा वळला, चटणीत बुडवून खाल्ला. थोरलीने घास घेतला, म्हणजे जेवण सुरू झालं. खामफुईचा जीव भांड्यात पडला.

मालिवन बापासाठी गोळा करायला पुढे सरकली. विलायफोनने तिचा हात अलगद धरला.

"करू दे त्यांना. आपल्याला कसली घाई आहे?"

खामफुईने डाव्या हाताने भात घेतला. निम्मा चटईवर सांडला, उरलेला तोंडात गेला. समोरचे आपापला मासा खाण्यात गुंतले होते. त्याने दुसरा घास घेतला, मग तिसरा. टोपलीचा तळ दिसू लागला तेव्हा आणखी भातासाठी त्यानेच आत हाक मारली.