दोन वेढे

धाकट्याने टेबलाच्या कडेला एक हुक बसवून घेतला होता आणि गेले तीन आठवडे तो त्याला रबरं अडकवून ओढत बसला होता. पॅराशूटच्या दोऱ्यांची नागमोडी घडी पिशवीवर जागची हलू नये म्हणून ही बोटभर रबरं लागतात. उडी मारली की ओढ बसते, दोऱ्या एकेका रबरातून सुटत जातात आणि मग पिशवीतून कापड बाहेर पडतं. साधी रबरं चार दिवसांत कुजतात, तुटतात. उड्यांच्या केंद्राच्या मालकांना एकच टिकाऊ जात ठरवायची होती आणि ते काम त्यांनी मुद्दाम धाकट्याकडे दिलं. चाकांच्या खुर्चीतल्या माणसाचा वेळ जावा, एवढाच त्यांचा हेतू. धाकट्याने मात्र ते भलतंच मनावर घेतलं.

तीन वर्षांत पहिल्यांदाच तो ताईच्या आधी जागा व्हायला लागला. "ताई, उचल लवकर! प्रयोगशाळा उघडायचीय." मग तो तिच्या मानेभोवती हात टाकायचा आणि ती त्याला पलंगावरून खुर्चीत ठेवायची. घरात दोघंच. तिची कंबर केव्हाच कामातून गेली होती, पण त्याच्यापुढे कंबरेचं रडगाणं कोणत्या तोंडाने गाणार?

ताई पूर्वी त्याच केंद्रात पॅराशूटच्या घड्या घालायची. धाकटा उडीत पडला त्या दिवसापासून तिने घडीला हात लावला नव्हता, शिवणयंत्रावर बसायची. बिचारीने धसका घेतला, असं लोक म्हणत. बिचारी कसली!

दुपारी मालक आले. धाकट्याने वही पुढे सरकवली.

"ही राखाडी घ्या. सहाशे वेळा ताणली, तरी तुटायचं नाव नाही. माझ्या वेळी ही असती तर आज तुमच्या डोक्यावर मिरे वाटत असतो."

"ते अजून वाटतोसच की," मालक हसले.

"आणि हा कागद भिंतीवर लावा. दोरी बारीक असेल तर रबर सैल बसतं. तेव्हा दोन वेढे मारायचे."

चहा ठेवता ठेवता ताईचा हात थबकला. "एकच वेढा," ती म्हणाली. "सैल वाटलं तर लहान मापाचं रबर घ्यायचं."

"रबराने दगा दिला की काय होतं, ते माझ्या पाठीला विचार."

मालकांनी कागदाची घडी करून खिशात घातली. उद्या तो भिंतीवर लागणार आणि केंद्रातली प्रत्येक घडी त्याप्रमाणे पडणार. ताई आत गेली आणि सुयांचा डबा घेऊन आली. तळाशी एक राखाडी रबर होतं.

तिने उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. त्या दिवशी कामाची झुंबड होती. धाकट्याच्या पिशवीवरचं शेवटचं रबर तुटलं, तेव्हा विक्रेत्याने नमुन्याला दिलेलं हे एक तिने लावलं. सैल वाटलं म्हणून नेहमीच्या सवयीने दोन वेढे मारले. साधं रबर असतं तर ओढ बसताच तुटून मोकळं झालं असतं. हे तुटलं नाही. पिशवी उघडलीच नाही. ती सोडून देऊन त्याने राखीव पॅराशूट काढेपर्यंत जमीन फार जवळ आली होती. शेतात पडलेली पिशवी ताईलाच सापडली, दोन वेढे तसेच्या तसे. तिने रबर काढून खिशात घातलं. रबराची एक जागा रिकामी दिसली, तेव्हा ते तुटून दोऱ्या गुंतल्या असणार असं सगळ्यांनी धरलं. तिने धरू दिलं.

मालकांनी खिशातला कागद काढून टेबलावर ठेवला आणि चहा न पिताच ते गेले.

धाकटा ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं. त्याने ते रबर हुकाला अडकवलं, बारीक दोरीवर दोन वेढे मारले आणि ताण मोजायचा स्प्रिंगचा काटा लावून ओढलं. काटा शेवटापर्यंत गेला. दोरी सुटली नाही. सवयीने त्याने तो आकडा वहीत लिहिला.

"तीन आठवडे तू मला हे ओढताना बघत होतीस?"

"हो."

"पाठीचं वाटोळं झालं, पण त्यातून चार जणांचं तरी भलं होईल असं वाटत होतं गं." त्याने वही मिटली. "आता मला हात लावू नकोस."

ताई दारात उभी राहिली. त्याला दोन तासांपेक्षा जास्त बसवत नाही, हे तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. ऊन भिंतीवरून उतरलं. त्याने खुर्चीच्या हातांवर जोर देऊन पाहिला, एकदा, दोनदा. मग तोंड खिडकीकडे वळवून त्याने दोन्ही हात वर केले.

तिने त्याला उचललं. पलंगापर्यंत चार पावलं होती. तिच्या खांद्यांवरून पुढे गेलेले त्याचे हात हवेतच राहिले, तिच्या मानेला लागले नाहीत.