कागदावर न उतरलेला सात

मागच्या वर्षापर्यंत मी वर्गात तोंड उघडत नव्हते. या वर्षी उघडलं, आणि आता ते बंदच होत नाही असं आई म्हणते. म्हणून तर सोमवारी साधना मॅडम म्हणाल्या, "भिंगातून मोठं दिसतं ती आभासी प्रतिमा, पडद्यावर घेता येत नाही," तेव्हा मी ताडकन उभी राहिले.

"मॅडम, चांगली दिसतीय की! मी घेऊन दाखवते कागदावर."

पहिल्या नंबरचा हरीश बाकावर डोकं ठेवून हसला. मॅडम हसल्या नाहीत.

"शुक्रवारी दाखव. मोठी आणि सुलटी, दिसते तश्शी. दाखवलीस तर औंढ्याच्या विज्ञान प्रदर्शनात शाळेकडून तू बोलशील. नाहीतर हरीश."

शाळेचं भिंग कपाटात, कपाटाची किल्ली शिपायाकडे, शिपाई रजेवर. मग वर्गातल्या आलियाला घेऊन तिच्या चाचांच्या दुकानात गेले. जलालुद्दीनचाचा शिरड शहापूरच्या स्टँडजवळ घड्याळं दुरुस्त करतात.

"चाचा, डोळ्याला लावायचं भिंग द्या ना."

"फोडशील बेटा. तीस साल झाले त्याला."

"न्हाई फोडत. आलिया धरते."

समोर एक लेडीज घड्याळ उघडं पडलेलं. त्यातला सात राळ्याच्या दाण्याएवढा. भिंगातून पाहिला तर चिंचोक्याएवढा! मी डोळा काढला आणि बरोब्बर त्याच जागी कागद धरला. कागदावर नुसता फिका डाग. वर नेला, खाली नेला. डागच. डोळा लावला, सात हजर. कागद लावला, सात गायब.

"मागच्या वर्षीच्या तुझ्यासारखाच हाय," आलिया म्हणाली. "फळ्याजवळ बोलावलं की पळतो."

वैतागून मी भिंग ओढून घेतलं आणि दाराकडं तोंड करून बसले. दुसऱ्या हातात, भिंगाच्या मागं, कागद तसाच. आलिया किंचाळली. कागदावर अख्खा रस्ता! लाल एसटी, पानटपरी, सगळं चिमुकलं, रंगीत आणि उलटं.

"चाचा, रस्त्यावरची खतीजाबी डोक्यावर चालून राहिली!" ती म्हणाली.

चाचा उठून आले. "तीस साल ह्या काचेत रस्ता होता, आन मला पत्ता न्हाई?"

रस्ता आम्ही तिघांनी एकदम पाहिला. उजेड खरोखर कागदावर येऊन पडला होता. सात मात्र डोळा लावणाऱ्यालाच दिसायचा. म्हणजे मॅडम बराबर. मी हरले. एवढं कळालं.

पण मॅडमचं म्हणणं माझ्याकडून ऐकून चाचांनी भिंग परत डोळ्याला लावलं, चिमट्यानं मुंगीच्या डोक्याएवढा स्क्रू उचलला आणि एका झटक्यात जागेवर बसवला.

"ह्याला आभासी म्हणती काय तुझी मॅडम? मग स्क्रू कसा बसला गे?"

झालं. जे कळालं होतं तेही गेलं.

शुक्रवारी मी उभी राहिले. "मॅडम, सात कागदावर येत नाही. रस्ता येतो, पण उलटा. मी हरले." हरीशनं लगेच कॉलर नीट केली. "पण मॅडम, कागदाला जो सापडत नाही तो डोळ्याला कसा सापडतो? डोळ्यात पडदा आहे का? आणि तिथं सात पडतो तर ती वास्तवच झाली की!"

"हरीश, सांग."

"पडद्यावर घेता येते ती वास्तव प्रतिमा," हरीशनं घडाघडा म्हटलं.

"ते तर पुस्तकात बी हाय," मागून आलिया.

मॅडम म्हणाल्या, "डोळ्यातही भिंग आहे, कोमल. बाहेरच्या भिंगातून पसरत आलेला प्रकाश ते गोळा करतं आणि आतल्या पडद्यावर टाकतं. तिथली प्रतिमा वास्तव. आणि उलटी."

"उलटी?"

"उलटी. पण ठरलं ते ठरलं. बोलणार हरीश."

मी मटकन बसले. म्हणजे आत्ता माझ्या डोळ्यात हरीश खाली डोकं वर पाय?

मधल्या सुट्टीत तो आला. "चाचा भिंग देतील का प्रदर्शनाला?"

"मला देतील. मी धरीन, तू बोल. पण आधी सांग, आत सगळं उलटं पडतं तर ते सुलटं कोण करतं?"

तो माझ्याच बाकावर टेकला. घंटा झाली तरी आम्ही दोघं एकमेकांच्या डोळ्यांत वाकून ते उलटं चित्र शोधत होतो.