चोरखिशातला चाकू

मी एक घडीचा चाकू. मूठ शिंगाची, पातं साध्या पोलादाचं. ओलं ठेवलं तर सकाळपर्यंत डाग धरणारं. ज्या लोहारानं मला घडवलं, तो वर्षाला शेकड्यानं चाकू करायचा. त्याला माझं काय कौतुक! पहिला मालक माळी होता. वीस वर्षं त्यानं माझ्याकडून गुलाबाची कलमं करून घेतली. तो गेला आणि त्याच्या सुनेनं मला जुन्या बाजारात विकलं. तिथं गंजक्या किल्ल्यांच्या ढिगातून ज्यानं मला उचललं, त्याचीच ही हकिगत आहे. माझी कमी, त्याची जास्त.

तो दोरखंडाच्या कारखान्यात फिटर होता आणि त्याला चाकूंचं वेड होतं. घरच्या कपाटात एका खणात, मऊ कापडावर आम्ही एकतीस जण झोपायचो. बोथट टोकाचा खलाशाचा चाकू, चोचीसारखा वाकडा वेली छाटायचा चाकू, करंगळीएवढा पेन्सिली तासायचा. रोज सकाळी आमच्यातल्या एकालाच त्याच्या खिशात जागा मिळायची. ही निवड होईपर्यंत त्याचा चहा गार होऊन जायचा.

"लग्नाला होकार द्यायलासुद्धा एवढा वेळ लावला नव्हतात," बायको म्हणायची.

"तेव्हा समोर एकच होती ना!"

हळूहळू त्याचा हात माझ्यावरच थांबायला लागला. डबा उघडताना, दोऱ्याचं टोक कापताना, काही नसलं तर नुसता अंगठा फिरवायला, मीच. मला त्याचा अंगठा पाठ झाला होता.

बायकोचा धाकटा भाऊ त्याच कारखान्यात होता. माझ्या मालकानंच त्याला तिथं चिकटवलं होतं. दोर ज्या मोठ्या ड्रमवर गुंडाळला जातो, त्या यंत्रावर तो काम करायचा. सकाळी आल्या आल्या विचारायचा, "भावोजी, आज कुणाची पाळी?" आणि दिवसभर दर दहा मिनिटांनी हात पुढं करायचा, "द्या बघू तुमचं रत्न जरा." मालक कुरकुरत मला द्यायचा. परत घेताना धार तपासायचा.

मग एक दिवस कारखान्याच्या फाटकाशी दोन हमालांची जुंपली आणि एकाच्या पोटात चाकू गेला. दुसऱ्या दिवशी फाटकावर पाटी लागली. कुणाकडे चाकू सापडला, तर त्याच दिवशी कामावरून कमी. मालकाच्या निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. त्यानं आठ दिवस मला घरी ठेवलं. संध्याकाळी यायचा तेव्हा चेहरा उतरलेला असायचा. रिकाम्या खिशात बोटं चाळवून चाळवून त्याचं अस्तर फाटलं होतं.

ते शिवायला घेतलं तेव्हा बायकोनंच पँटच्या पट्ट्याआड आणखी एक खिसा शिवला. चोरखिसा.

"सापडलात तर मला काही माहीत नाही," ती म्हणाली.

असा मी पुन्हा कामावर जायला लागलो. पण आता मला कुणी मागत नव्हतं, मी कुणाला दिसत नव्हतो. पोटाशी ऊब होती, एवढंच.

तो मंगळवार होता. जेवणाची सुट्टी नुकतीच संपली होती. मॅनेजर फेरीवर आले होते आणि मालकाशी एका घासलेल्या चाकाबद्दल बोलत होते. दोन पावलांवर मेहुण्याचं यंत्र चालू होतं. दोराचा एक पेड सुटला, त्याचा फास मेहुण्याच्या मनगटात पडला आणि ड्रम त्याला ओढायला लागला.

"भावोजी!"

यंत्र बंद करायचं बटण पलीकडच्या भिंतीवर होतं. कुणीतरी तिकडं धावलं. मालकाचा हात चोरखिशात आला. त्यानं मला घट्ट पकडलं. मी म्हटलं, चला.

हात बाहेर आला नाही.

त्याच्या मनात काय चाललं होतं, ते मला सांगता येणार नाही. चाकूला हातच तेवढा कळतो. बोटं आवळली, सैल पडली, पुन्हा आवळली. तळवा घामानं थबथबला होता. त्याच्या पोटाशी मी तीन श्वास मोजले. मग मेहुणा पुन्हा ओरडला. या वेळी त्यात नाव नव्हतं, नातं नव्हतं, नुसता आवाज होता. तेव्हा कुठं मी बाहेर आलो. एका फटक्यात पेड तोडला. माझ्या धारेत कधीच कसूर नव्हती.

हात कोपरापासून काढावा लागला. उजवा.

मॅनेजरनी पाटीचा विषय काढला नाही. उलट अहवालात मालकाच्या प्रसंगावधानाबद्दल चार ओळी लिहिल्या. बायको त्याच्या छातीवर डोकं टेकून रडली. "तुम्ही होतात म्हणून माझा भाऊ राहिला हो!" त्या संध्याकाळी तो मोरीत बसून मला साबणानं घासत राहिला. रक्त केव्हाच गेलं होतं. आठवड्याभरात त्यानं बाकीचे तीस जण भंगारवाल्याला देऊन टाकले. बायकोनं कारण विचारलं, तर म्हणाला, "जागा अडते."

मला मात्र मेहुण्यानं मागून घेतलं. इस्पितळातून सुटताना म्हणाला, "ज्यानं मला वाचवलं, तो माझ्याकडे राहू दे." नाही म्हणायला मालकाकडे तोंड नव्हतं.

मेहुणा एकटाच राहतो. एक खोली, खिडकीखाली ओटा. मला उघडायला खरं तर दोन हात लागतात. तो मला गुडघ्यांत धरतो आणि डाव्या हाताच्या नखानं पातं ओढतो. सुरुवातीला दोनदा नख मुळापासून निघालं. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला तो मला दाखवायचा. "हाच तो. भावोजींनी खिशातून काढला आणि सपकन..." मालक तिथंच मान खाली घालून बसलेला असायचा. मग त्याचं येणं विरळ झालं. मग थांबलंच.

चार महिन्यांनी एका रविवारी दुपारी तो आला. दाढी वाढलेली. पाणीसुद्धा घेतलं नाही.

"तुला एक सांगायचंय," तो म्हणाला. "त्या दिवशी चाकू माझ्या हातात होता. आधीपासून. साहेब शेजारी होते, नोकरी जाईल म्हणून मी..."

"माहीत आहे."

मालकानं वर पाहिलं.

"मी तुमच्याकडेच बघत होतो, भावोजी. दुसरीकडे कुठं बघणार? तुमचा हात पट्ट्यात गेलेला मला दिसला. आता काढतील, आता काढतील म्हणून वाट बघत होतो."

मग मालकानं विचारलं, "आणि तरी तू सगळ्यांना..."

"ताईनं विचारलं, काय झालं. तिला काय सांगणार होतो? एकदा सांगितलं, मग तेच सांगत बसलो." त्यानं मला मालकाच्या पुढ्यात सरकवलं. "बटाटे चिरायचेत. मला अजून जमत नाही."

मालक बटाटे चिरून गेला. माफी त्यानं मागितली नाही, यानं दिली नाही.

आता तो रोज सकाळी कामावर जाण्याआधी येतो. दिवसभराची भाजी चिरतो, पाव कापून फडक्यात गुंडाळतो, मला पुसून ओट्यावर ठेवतो आणि जातो. "ताई बरी आहे?" "आहे." बोलणं एवढंच होतं. पाहुण्यांना मेहुणा आता काही सांगत नाही. कुणी विचारलंच, तर "यंत्रात गेला" म्हणतो.

माझं पातं झिजून अर्ध्यावर आलं आहे. रोज धार लावली की चाकू असाच संपतो आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. एकच मागणं आहे. मी संपेन तेव्हा मला कुणी मऊ कापडावर जपून ठेवू नका. याच ओट्यावर, या दोघांच्या मध्ये, चिरता चिरता तुटू द्या.