साम्याला हाक

माझ्या नवऱ्याच्या आजोबांनी चंद्रपूरकडच्या जंगलात शिकारीसाठी एक लाकडी खोली बांधली होती, म्हणे. मी 'म्हणे' म्हणते, कारण ती खोली आता जिवंत असलेल्या कुणी पाहिलेली नाही. पण सुधन्वाने लहानपणापासून तिच्या इतक्या गोष्टी ऐकल्या होत्या की नोएडातल्या अकराव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये त्याचा जीव रमेना. शिकारीवर कधीच बंदी आली, आजोबांची बंदूक कुठे गेली कुणास ठाऊक, पण खोली मात्र हवी. बंदुकीच्या जागी कॅमेरा. केंद्र सरकारच्या एका खात्यात दिवसभर फायली उपसणाऱ्या या माणसाला आयुष्यात एकदा बिबट्याचा फोटो काढायचा होता.

हौसेला मोल नाही. हरियाणातल्या सोहन्याच्या पुढे, अरवलीच्या उतारावर, शेवटच्या वस्तीपासून बरंच आत त्याने जमिनीचा एक तुकडा घेतला. वेड्या बाभळी, खडक, काटे आणि मोबाइलला रेंज नाही. मी पहिल्यांदा ती जागा पाहिली तेव्हा म्हटलं होतं, "इथे माणूस मेला तर कावळ्यालाही कळायचं नाही." माझं तोंड फटकळ आहे, असं सगळेच सांगतात. सुधन्वा हसला आणि दोन दिवसांनी त्याने सुतार आणला.

दर सुट्टीला आम्ही तिथे जायचो. खोली जमिनीपासून कमरेच्या वर, खांबांवर उभी राहिली. एकच दालन, डाव्या बाजूला एक खिडकी, पुढे दार आणि दाराला लावलेली शिडी. खालची मोकळी जागा वाया जाऊ नये, लाकूडफाटा तिथे कोरडा राहावा म्हणून सुधन्वाने तीन बाजूंनी दगड रचून ती बंद केली. चौथी, पुढची बाजू उघडी ठेवली. म्हणजे खोलीखाली शिरायची आणि तिथून बाहेर पडायची एकच वाट, ती बरोब्बर शिडीखाली. तेव्हा मला यात काही वावगं वाटलं नाही. उलट, बरं डोकं चालवलं असंच वाटलं.

माझ्या सासूबाई, कुमुदआई, नृसिंहवाडीकडच्या. घरात दत्ताची उपासना, गुरुवार म्हणजे गुरुवार. दत्ताच्या पायाशी चार कुत्री असतात, ते चार वेद, म्हणून गुरुवारी कुत्र्यांना तूप-गूळ लावलेली पोळी घातल्याशिवाय त्या जेवत नाहीत. आमच्या सोसायटीत यावरून भांडणं होतात. लिफ्टमध्ये बायका मला ऐकवतात आणि मी 'भीक नको पण कुत्रं आवर' अशा चेहऱ्याने उभी असते. त्यामुळे जंगलात जायला लागल्यावर आईंना मोकळं रान मिळालं. वस्तीतलं एक कुत्रं भटकत वर आलं, त्याला पोळी मिळाली. मग दुसरं आलं. मग गुरुवारच कशाला, जाऊ त्या दिवशी पोळ्यांचा डबा बरोबर. दिवाळीपर्यंत तिथे चार कुत्री मुक्कामाला राहिली.

चार! आईंना आभाळ ठेंगणं झालं. त्यांनी लगेच नावं ठेवली: ऋग्या, यजू, साम्या आणि अथर्व. अथर्व पिवळाधमक आणि आळशी, साम्या तपकिरी, एक कान फाटलेला. आई हाक मारायच्या, "ये रे बाळा, ये, ये," की चौघं धावत यायची. माझ्या सहा वर्षांच्या क्षिप्रालाही त्या जेवायला अशीच हाक मारायच्या, याच सुरात, आणि तीच तूप-गुळाची पोळी भरवायच्या. मी चिडवायची, "आई, नात कुठली आणि कुत्रं कुठलं ते तरी कळू द्या." त्या म्हणायच्या, "माझ्या हाकेला येईल ते माझं लेकरू."

दिवाळीनंतर एकदा गेलो तर तीनच कुत्री होती. यजू नव्हता. सुधन्वा म्हणाला, "लग्नाचा सीझन आहे, जिथे मांडव तिथे कुत्री." दत्तजयंतीच्या सुमाराला दोन राहिली. जानेवारीत अथर्वही दिसेना. सुधन्वाने कॅमेरा पाणवठ्याकडे तोंड करून झाडाला बांधला होता. त्यात नीलगाई यायच्या, साळिंदर यायचं, बिबट्या यायचा नाही. सुधन्वा हिरमुसायचा. तिकडे कॅमेरा पाण्यावर लक्ष ठेवून होता आणि इकडे आमच्या पाठीमागे एकेक कुत्रं कमी होत होतं. ही दोन टोकं जोडायची अक्कल आमच्यापैकी एकालाही झाली नाही.

त्या वर्षी सव्वीस जानेवारी गुरुवारी आली. सुट्टीमुळे सुतार येणार नव्हता. दार तयार होऊन भिंतीला टेकवलेलं होतं. ते बसवणं एवढंच काम उरलं होतं, ते सुधन्वा स्वतः करणार होता. तिथे पोचून, चहा पिऊन, हत्यारांची पेटी उघडल्यावर साहेबांच्या लक्षात आलं की आणलेल्या बिजागऱ्या कपाटाच्या आहेत. या दाराला त्या नाकापेक्षा मोती जडच्या उलट, अगदीच नाजूक व्हायच्या.

"सोहन्यात मिळतील यार. मी जाऊन आलोच," तो म्हणाला आणि आमची एकुलती एक गाडी घेऊन गेला.

आम्ही तिघी उरलो. दुपार कलली होती. आई डबा मांडीवर घेऊन दाराशी बसल्या होत्या. मी खिडकीची चौकट पुसत होते. मधूनच भात शिजल्यासारखा वास येत होता, अगदी आंबेमोहोराचा. मला वाटलं, कुणीतरी गुराखी जेवण करत असेल. वस्ती किती लांब आहे हे माझ्या डोक्यातच आलं नाही. बिबट्याने हद्द राखायला फवारलेल्या मुताला असा वास येतो, हे सुधन्वाने मला नंतर सांगितलं. आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

"आज साम्याला काय झालंय गं?" आई म्हणाल्या. "ये म्हटलं तर येत नाही."

मी दारातून बाहेर पाहिलं. साम्या उजवीकडे लांब एका खडकाजवळ उभा होता. शेपूट पोटाखाली. भुंकत नव्हता. आईंकडे बघतही नव्हता. त्याची नजर शिडीवर खिळली होती.

मागून क्षिप्रा खिदळली. ती जमिनीवर पालथी पडली होती. लाकूड सुकून फळ्यांमध्ये बोटभर फटी पडल्या होत्या, त्यातून ती पोळीचे तुकडे खाली सोडत होती.

"मम्मा, अथर्व वापस आला! खाली झोपलाय. बघ ना, बिल्कुल उठत नाहीये."

तिची दोन बोटं फटीत होती.

मी गुडघ्यांवर बसले आणि पाहिलं. खाली पिवळं अंग होतं. ते श्वासाबरोबर सावकाश वर येत होतं, खाली जात होतं. त्यावर काळे ठिपके होते. पाठीवर गुळाच्या पोळीचा तुकडा पडला होता.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. मी क्षिप्राचा हात हळूच ओढून घेतला, तिच्या तोंडावर तळहात ठेवला आणि तिला उचलून कोपऱ्यात नेलं.

"आपण लपाछपी खेळतोय," मी तिच्या कानात म्हटलं. "एकदम चुप."

"डेन कोण आहे? शोधणार कोण?"

"खाली आहे."

आई शिडीवर पाय टाकायच्या बेतात होत्या. साम्या येत नाही तर आपणच जाऊन त्याला भरवावं म्हणून. मी त्यांचा दंड धरला आणि कानाशी तोंड नेऊन म्हटलं, "आई, खाली बिबट्या आहे. शिडीखाली."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग फळ्यांच्या फटीतून एकदा खाली पाहिलं. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला. ओठ हलायला लागले, दत्ताचं नाव असणार. दोघींनी मिळून ते दार उचललं आणि उघड्या चौकटीत उभं केलं. बिजागऱ्या नाहीत, कडी नाही. मी खांदा लावून ते धरलं. लाकूड एकदा करकरलं आणि खाली काहीतरी सरकलं. मला वाटलं, हे दार म्हणजे नुसतं नाटक आहे. एक धक्का आणि संपलं.

पण खाली पुन्हा शांत झालं. ते जनावर झोपलं होतं, आणि सवयीने झोपलं होतं. तेव्हा कुठे मला कळलं. आईंच्या पोळ्यांना कुत्री जमली, कुत्र्यांसाठी हा आला, आणि सुधन्वाने त्याला तीन बाजूंनी दगड रचून बिऱ्हाड बांधून दिलं. ऋग्या, यजू, अथर्व कुठल्याही मांडवाला गेले नव्हते.

"सुधन्वा येईल," मी पुटपुटले. धीर यावा म्हणून म्हटलं, पण म्हणताक्षणी मला पुढचं दिसलं. सुधन्वा येईल आणि सरळ शिडीकडे चालत येईल.

त्यानेच मला शिकवलं होतं: बिबट्या माणसाला टाळतो, पण त्याची वाट अडवू नये. आणि इथे वाट एकच.

गाडीचा आवाज आला. खाली कोरड्या नाल्याजवळ ती थांबली. दार आणि चौकटीच्या फटीतून तो मला दिसला. पायवाटेने वर येत होता, हातात पिशवी. ओरडले तर? खालचं जनावर दचकून बाहेर येईल, आणि समोर कोण, तर हा. शिवाय मी या माणसाला ओळखते. बायको किंचाळली तर तो थांबणार नाही, धावत सुटेल. मी फटीतून हात काढून 'मागे जा, मागे जा' अशी खूण केली. त्यानेही हात हलवला. मग पिशवीतून बिजागऱ्या काढून मला उंच धरून दाखवल्या. हसत होता. मला रडू फुटलं. इतकी भीती मला माझ्या बाळंतपणातही वाटली नव्हती. हा माणूस आता माझ्या डोळ्यांदेखत मरणार, आणि मी दार धरून उभी.

आईंनीही त्याला पाहिलं होतं. त्या उठल्या, डब्यातली पोळी घेतली आणि डावीकडच्या खिडकीपाशी गेल्या. पायवाटेपासून लांबची ती बाजू. त्यांनी पोळी खाली टाकली.

"साम्या," त्यांनी हाक मारली. "ये रे बाळा, ये, ये."

नेहमीचा सूर. थरथर नाही, काही नाही.

साम्या खडकाजवळून हलला नाही. त्याने शिडीकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं. त्याला सगळं कळत होतं.

"ये रे माझ्या राजा. ये, ये."

तो निघाला. पोट जमिनीला घासत, अंग चोरत, पण शेपूट हलवत. आजवर त्याला दगड मारणारेच भेटले होते, नावाने हाक मारणारी ही एकच. शिडीला लांबून वळसा घालून तो खिडकीखाली आला. आईंनी डोळे मिटले नाहीत. तो पोळीला तोंड लावेपर्यंत त्या त्याच्याकडे बघत होत्या.

फळ्यांना खालून धक्का बसला. शिडी कलंडली. पिवळं काहीतरी कोपऱ्यावरून वळलं, साम्या एकदाच ओरडला आणि ओरडणं मध्येच तुटलं. मग काट्यांतून काही ओढत नेल्याचा आवाज, तो डावीकडच्या उतारावर लांब लांब गेला.

सुधन्वा वाटेत उभा होता. बिजागऱ्या हातातून पडल्या होत्या.

आम्ही गाडीत कशा बसलो मला आठवत नाही. सोहना आल्यावर सुधन्वा बोलायला लागला. "आणखी पंधरा पावलं, आई. कुत्रा मध्ये आला म्हणून वाचलो. तुझ्या दत्तानेच पाठवला त्याला." आईंची हाक त्याला ऐकू आली होती, पण ती तर त्या नेहमीच मारायच्या. आई खिडकीबाहेर बघत राहिल्या. मी आरशात क्षिप्राकडे पाहिलं. ती आजीकडे बघत होती.

सुधन्वा आता ही गोष्ट ऑफिसमध्ये सगळ्यांना सांगतो. खोली तशीच बिनदाराची सोडून दिली आहे. मी त्याला काही सांगितलं नाही. काय सांगणार? आईंच्या जागी मी असते तर मीही हेच केलं असतं, आणि इतक्या गोड आवाजात मला ते जमलं नसतं. त्यांच्यामुळे माझा नवरा घरी आहे. मी त्यांच्या पाया पडायला हवं, हे मला कळतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी स्वयंपाक केला. पोळीला तूप लावलं, गूळ किसून घातला, तिचे छोटे तुकडे केले आणि ताट घेऊन हॉलमध्ये बसल्या.

"क्षिप्रा," त्यांनी हाक मारली. "ये गं बाळा, ये, ये."

क्षिप्रा माझ्या मागे येऊन उभी राहिली आणि तिने माझी ओढणी मुठीत धरली. आईंनी पुन्हा हाक मारली नाही. हातातला घास तसाच होता. माझ्याकडे बघत होत्या, मी पोरीला पुढे पाठवीन म्हणून.

मी पाठवलं नाही.