पाण्याकडे पाठ

"हा मनोरा, डाव्या हाताला जुनी कचेरी. फोटो काढून घ्या, मग सरळ संग्रहालय," असं म्हणत मॅनेजरांनी मिटलेली छत्री उंच धरली, मागे वळून पाहिलं आणि त्यांच्या तोंडचं पाणीच पळालं. मागे कोणी नव्हतं.

कोणी म्हणजे बायको. तेवढी एकच तर बरोबर होती.

मॅनेजरांची उभी हयात एका सहल कंपनीत माणसं मोजण्यात गेली होती. सीझन लागला की बस भरून लोक घेऊन ते उत्तरेतल्या या शहरात यायचे. छत्री वर धरून पुढे चालायचं, बसमध्ये डोकी मोजायची, शिट्टी फुंकली की सगळे हजर. आपला एकही प्रवासी कधी हरवला नाही, हे ते भेटेल त्याला सांगत. बायकोला मात्र दरवर्षी "पुढच्या वर्षी नक्की" एवढंच मिळायचं. सीझनमध्ये बसमधली एकही जागा घरच्यांसाठी रिकामी नसे. निवृत्त झाल्यावर शेवटी तीच म्हणाली, आता ऑफ सीझनला तरी नेता का?

नेलं, पण शहर मिटून बसलेलं. मनोऱ्याला दुरुस्तीसाठी बांबू बांधलेले, रोपवेचे पाळणे अधांतरी लटकलेले. मॅनेजरांना हा स्वतःचाच अपमान वाटला. पण कार्यक्रम म्हणजे कार्यक्रम. सकाळपासून प्रत्येक बंद दारासमोर उभं राहून आत काय काय आहे ते त्यांनी यथासांग सांगितलं होतं. बायको मान डोलवत होती.

आता ती नव्हती, आणि तिचा फोन लॉजवर चार्जिंगला होता.

त्यांनी खिशातली शिट्टी काढून फुंकली. मग पुन्हा, जीव खाऊन. फुटपाथवरचा कुत्रा उठला आणि जागा बदलून झोपला. एका लोकरवाल्याने दुकानातून डोकं बाहेर काढून काय झालं विचारलं.

"आमची मंडळी दिसेना."

"स्वेटर कुठल्या रंगाचा होता?"

मॅनेजर आठवू लागले. चाळीस प्रवाशांचे चाळीस स्वेटर ते सकाळच्या चहालाच डोक्यात टिपून ठेवायचे. आज सकाळी बायको समोर बसून चहा प्यायली होती, आणि तिच्या अंगात काय होतं ते त्यांना आठवेना. त्यांना स्वतःची लाज वाटली. लॉजवर जाऊन आले, संग्रहालयाच्या कुलपापर्यंत धावले. ही कधी एकटी गावाबाहेर पडलेली नाही, या विचाराने ते दिसेल त्या गल्लीत डोकावत होते.

ती तळ्याकाठी सापडली. होड्या पालथ्या घालून एक नावाडी त्यांना डांबर लावत होता. जरा पलीकडे, वाकड्या झाडाखालच्या बाकावर ती शाल लपेटून बसली होती. स्वेटर जांभळा होता. तिनेच विणलेला.

"अगं, जीव गेला असता माझा. हरवलीस कशी?"

"मी कुठं हरवले? तुम्हीच पुढं निघून गेलात."

"शिट्टी नाही ऐकलीस?"

"ऐकली की. दोन्ही वेळा. उठावंसंच नाही वाटलं."

शिट्टी ऐकून न उठलेलं माणूस मॅनेजरांनी आजवर पाहिलं नव्हतं. ती म्हणाली, "सहलीवरून आलात की तुम्हीच कुरकुरायचात ना, त्या वाकड्या झाडाखाली म्हातारी माणसं बसतात ती हलतच नाहीत म्हणून? मी पोळ्या लाटता लाटता ऐकायची. वाटायचं, एकदा आपणही तिथं बसावं."

मॅनेजर तिच्या आणि तळ्याच्या मधे उभे राहिले, घसा खाकरला आणि सवयीने सुरू झाले, "हे तळं फार जुनं, पलीकडची टेकडी..."

"इकडं येऊन बसा आधी. पाठ करून काय सांगता?"

ते बसले. आणि पहिल्यांदाच तळं त्यांच्या समोर आलं. ते त्यांच्या कल्पनेपेक्षा बरंच मोठं होतं. इतकी वर्षं त्यांनी इथे फक्त प्रवाशांची तोंडं आणि हातावरचं घड्याळ पाहिलं होतं.

ऊन टेकडीमागे गेलं. पाणी करडं होत चाललं.

"सूर्य बुडाला की पाणी केशरी होतं म्हणायचात," ती म्हणाली. "सीझनला खरंच होतं का हो?"

हे वाक्य त्यांच्याकडून आधीच्या मॅनेजरांनी पाठ करून घेतलं होतं. तेव्हापासून प्रत्येक बसला त्यांनी ते ऐकवलं होतं.

"मी कधी बघितलंच नाही गं," ते म्हणाले.

शालीचं एक टोक सोडवून तिने त्यांच्या खांद्यावर टाकलं. नावाडी ब्रश पुसून घरी गेला. पाण्याचा रंग दिसेनासा होईपर्यंत दोघं तिथेच बसून राहिली.